पर्ल आणि राकूची लोकांमधली ओळख कशी सुधारावी : स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

"पर्ल? ती अजून वापरतात का?" नोकरीच्या मुलाखतीत, कॉलेजच्या लॅबमध्ये, कुठेही पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव निघालं की पहिला प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. गंमत एवढीच की बहुतेकदा त्याच्याच लॅपटॉपवर पर्ल बसलेली असते. मॅकमध्ये असते, डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत असते, विंडोजवर गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टाकलं की गिट बॅशबरोबर येते. ती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा १९९८ सालच्या वेशात दिसते.

हा लेख चार-पाच जणांच्या अशा गटासाठी आहे ज्यांना पर्ल आणि तिची धाकटी बहीण राकू यांची पत वाढवायची आहे आणि ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत. आमचा अनुभव सांगतो की यातली बरीचशी मेहनत भाषणांत आणि पोस्टरांत घालू नये. नवखा माणूस भाषेबद्दल शोधतो तेव्हा त्याला काय सापडतं आणि तो पहिला प्रोग्रॅम चालवतो तेव्हा काय बिघडतं, या दोन जागा नीट केल्या नाहीत तर पोस्टर पाहून आलेला माणूस दहा मिनिटांत परत जातो, आणि जाताना चार जणांना सांगतो.

आधी नावाचा घोळ निस्तरा

जुलै २००० मध्ये पर्ल ६ ची घोषणा झाली आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती आली नाताळ २०१५ ला. मधली पंधरा वर्षं बाहेरच्या माणसाने एवढंच पाहिलं की पाचवी आवृत्ती जुनी झाली आणि सहावी काही येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही भाषा केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या, आणि २०१० पासून पर्ल ५ ची नवी स्थिर आवृत्ती जवळपास दरवर्षी न चुकता निघत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये पर्ल ६ चं नाव राकू झालं. मग जून २०२० मध्ये पर्ल ७ ची घोषणा झाली आणि पुढे ती योजना बाजूला ठेवली गेली. एवढा इतिहास ज्याला ठाऊक नाही त्याने गोंधळायचं नाही तर काय करायचं?

म्हणून गटातल्या सगळ्यांनी काही नियम पाळावेत. 'पर्ल ६' हा शब्द इतिहास सांगताना सोडून कुठेही वापरू नये. आवृत्तीचा आकडा कधीही एकटा लिहू नये, त्याला साल जोडावं: 'पर्ल ५.३६ (मे २०२२)', 'पर्ल ५.४० (जून २०२४)'. नुसतं 'पर्ल ५' वाचलं की वाचक थेट ऑक्टोबर १९९४ मध्ये जातो, कारण पर्ल ५ तेव्हाच आली. आणि एकाच पत्रकात दोन्ही भाषांचा प्रचार करायचा असेल तर प्रत्येकीची ओळख एकेका वाक्यात वेगळी द्यावी. पर्ल: मजकूर, फाइली आणि डेटाबेस यांच्यातली रोजची कामं झटपट करणारी, जुना कोड न मोडणारी भाषा. राकू: व्याकरणं लिहून मजकुराची चिरफाड करण्याची, अपूर्णांक अचूक ठेवण्याची आणि युनिकोड (सगळ्या लिप्यांची चिन्हं क्रमांकांनी साठवण्याची पद्धत) मुळापासून समजण्याची सोय असलेली नवी भाषा. 'राकू म्हणजे सुधारलेली पर्ल' असं म्हटलं की दोघींचं नुकसान होतं.

इंग्रजीत भाषेच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं, प्रोग्रॅमचं लहान, आणि सगळी अक्षरं मोठी लिहिणारा परका, असा एक सोवळेपणा चालतो. देवनागरीला लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे आपली त्यातून सुटका. आपली अडचण वेगळी: मराठीत नुसतं 'पर्ल' शोधलं की मोती आणि दागिने येतात. शीर्षकात 'पर्ल प्रोग्रॅमिंग' असं पूर्ण लिहा, आणि 'राकू' की 'राकु' हे एकदाच ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

बोधचिन्हांबाबत सावध राहा. पर्लचं उंटाचं चित्र ओ'रायली प्रकाशनाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आलं आहे आणि त्याचा ट्रेडमार्क त्या प्रकाशनाकडे आहे. टी-शर्ट छापून विकायचे असतील तर आधी परवानगी घ्या. पर्लचंच कांद्याचं चिन्ह पर्ल आणि राकू फाउंडेशन या संस्थेकडे आहे. राकूचं फुलपाखरू, कॅमेलिया, हे तिचं स्वतःचं. पत्रकावर तिन्ही एकत्र छापू नका, पाहणाऱ्याला तीन वेगळ्या संस्था वाटतात.

शोधून पाहा, काय सापडतं

ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा आणि वीस शोध करा. इंग्रजीत बारा, मराठी-हिंदीत आठ. 'पर्ल शिका', 'पर्लमध्ये फाइल वाचणे', 'पर्ल की पायथन', 'राकू म्हणजे काय' अशा धाटणीचे, नवखा माणूस टाइप करेल तसे. प्रत्येक शोधाचे पहिले दहा निकाल एका तक्त्यात भरा. रकाने चारच ठेवा: पान कोणत्या सालचं, कोड आजच्या पद्धतीचा आहे का, पान कोणाच्या हातात, ते बदलता येईल का.

जुना कोड ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. चुका पकडून देणाऱ्या स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज या दोन घोषणा कोडच्या सुरुवातीला नसणं. फाइल उघडताना दोनच आर्ग्युमेंट देणं, यात फाइलच्या नावात पाइपचं चिन्ह आलं तर ते नाव आज्ञा म्हणून चालवलं जातं, म्हणजे सरळ सुरक्षेचं भगदाड. फंक्शनच्या नावाआधी अँपरसँड. आणि सगळ्यात मोठी खूण सीजीआय, म्हणजे वेबपानावरून सर्व्हरवरचा प्रोग्रॅम चालवण्याची जुनी पद्धत. १९९० च्या दशकात 'संपर्क साधा'चे फॉर्म आणि पाहुण्यांची वही चालवणाऱ्या फुकट स्क्रिप्ट जगभर पसरल्या. त्यांतल्या कित्येक असुरक्षित होत्या, आणि भाषेची बदनामी बऱ्याच अंशी तिथूनच सुरू झाली. पर्लने २०१५ मध्ये ५.२२ आवृत्तीत सीजीआयचं मॉड्यूल (तयार कोडचा सुटा भाग) मूळ संचातून काढूनही टाकलं, तरी धडे अजून तेच शिकवतात.

सापडलेल्या पानांचे तीन ढीग करा. ज्याचा मालक जिवंत आहे त्याला 'तुमचं पान जुनं आहे' असं कळवू नका, बदललेला मजकूर आणि चालवून पाहिलेला कोड तयार करून पाठवा. त्याला फक्त चिकटवायचं काम उरलं तर तो करतो. प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर जुनं मान्य उत्तर असेल तर त्याखाली नवं उत्तर लिहा, पहिल्याच ओळीत आवृत्ती आणि साल टाका. जुन्या उत्तराची टिंगल करू नका, २००९ मध्ये ते बरोबरच होतं. तिसरा ढीग म्हणजे बेवारस पानं. तिथे इलाज एकच, त्याच प्रश्नाचं चांगलं पान स्वतः लिहिणं. मराठी विकिपीडियावरच्या नोंदीही या कामात धरा. तिथे प्रचाराची भाषा टिकत नाही, तारखा आणि तथ्यं टिकतात.

पहिली दहा मिनिटं

आपल्या गटातला कोणी तरी एक दिवस नवखा होऊन बसला पाहिजे, कोऱ्या मशीनवर, घड्याळ लावून. काय होतं ते आम्ही आधीच सांगतो.

आजचा कोणताही चांगला धडा 'यूज व्ही ५.३६' या ओळीने सुरू होतो. ती एकच ओळ स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज लावते, छापण्यासाठी 'से' ही आज्ञा देते, फंक्शनला कंसात नावं देण्याची सोय देते आणि काही जुन्या खोडी बंद करते. पण उबुंटू २२.०४ मध्ये पर्ल ५.३४ आहे. मॅकमध्येही ५.३४. रेड हॅट ९ मध्ये ५.३२. म्हणजे धड्याची पहिलीच ओळ 'पर्ल ५.३६ हवी, ही ५.३४ आहे' असं सांगून थांबते. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वर ती चालते. धडा लिहिणाऱ्याच्या मशीनवर नवी पर्ल असते, म्हणून त्याला हे कधी कळतच नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही धड्यात दिले पाहिजेत. एक, ५.३४ वर चालणारी पर्यायी सुरुवात: स्ट्रिक्ट, वॉर्निंग्ज आणि 'से'चं फीचर वेगवेगळं मागवणं. दोन, पर्लब्रू किंवा प्लेन्व्ह (पर्लच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळणारी साधनं) वापरून घरच्या फोल्डरात नवी पर्ल बसवणं. पर्लब्रू सगळी पर्ल नव्याने कंपाइल करतो, त्यासाठी सी कंपायलर आणि मेक लागतं, आणि चाचण्यांसकट बराच वेळ जातो. कार्यशाळेत शंभर जणांना एकाच वेळी हे करायला लावू नका. तिथे डॉकर (प्रोग्रॅम सगळ्या लवाजम्यासकट वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) याची अधिकृत पर्ल प्रतिमा आदल्या दिवशी उतरवून ठेवायला सांगा, नाही तर सभागृहाचं वायफाय पहिल्या पाच मिनिटांत झोपतं. विंडोजवर स्ट्रॉबेरी पर्ल सुचवा. तिच्यात कंपायलर बरोबर येतो, त्यामुळे सी भाग असलेली मॉड्यूलही बसतात.

दुसरा खड्डा म्हणजे दस्तऐवज. पर्लचे दस्तऐवज फार चांगले आहेत असं आपण सांगतो, नवखा उत्साहाने 'पर्लडॉक' टाइप करतो, आणि डेबियन-उबुंटूवर उत्तर येतं की त्यासाठी वेगळं पॅकेज बसवा. धड्यात 'पर्ल-डॉक' पॅकेज बसवायची ओळ आधीच द्या.

तिसरा खड्डा मॉड्यूलचा. सीपॅन हे पर्लच्या मॉड्यूलचं सार्वजनिक भांडार, आणि त्यातून मॉड्यूल बसवणारं साधन सीपॅनएम. ते वापरून नवखा एक मॉड्यूल बसवतो. सिस्टिमच्या फोल्डरात लिहायची परवानगी नसते, म्हणून सीपॅनएम एक इशारा देऊन ते घरच्या 'पर्ल५' फोल्डरात टाकतो. इशारा कोणी वाचत नाही. मग प्रोग्रॅम म्हणतो, मॉड्यूल सापडत नाही. बसवलं तर खरं, मग सापडत का नाही? कारण पर्लला तो फोल्डर ठाऊकच नसतो. 'लोकल लिब' (घरचा फोल्डर पर्लला दाखवणारं मॉड्यूल) याची ओळ शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये टाकली की प्रश्न मिटतो. यावर 'सुडो लावा', म्हणजे प्रशासकाच्या हक्काने बसवा, असा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो देऊ नका: सिस्टिमची पर्ल डेबियनची स्वतःची साधनंही वापरतात, आणि तिथे आपण टाकलेलं नवं मॉड्यूल त्यांना अडवू शकतं. सिस्टिमची पर्ल सिस्टिमसाठी, आपल्या कामाला आपली वेगळी.

चौथा खड्डा एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित वेबपत्ते. 'एचटीटीपी टायनी' हे मॉड्यूल पर्लबरोबरच येतं, म्हणून धड्यात ते वापरायचा मोह होतो. पण सुरक्षित पत्त्यासाठी त्याला 'आयओ सॉकेट एसएसएल' आणि 'नेट एसएसएल-ए' ही दोन बाहेरची मॉड्यूल लागतात, आणि दुसरं कंपाइल व्हायला ओपनएसएसएलच्या हेडर फाइली लागतात. उबुंटूत ते पॅकेज 'लिबएसएसएल-डेव्ह'. आज साधा पत्ता जवळपास उरलाच नाही, त्यामुळे हा धडा हमखास इथे अडतो.

राकूकडे वेगळी यादी. कंपायलर राकूडो, मॉड्यूल बसवणारा झेफ, आवृत्त्या सांभाळणारा राकूब्रू. तिथे नवख्याला पहिली जाणवते ती सुरू व्हायला लागणारी वेळ, पर्लपेक्षा ती जास्त आहे. हे लपवू नका, आणि राकूला कमांड लाइनवरच्या एका ओळीच्या कामांसाठी पुढे करू नका. ०.१ आणि ०.२ मिळवून ०.३ शी तुलना करून दाखवा. राकूत उत्तर 'खरं' येतं, कारण दशांश संख्या तिथे अपूर्णांक म्हणून साठवल्या जातात. पर्लमध्ये आणि इतर बहुतेक भाषांत 'खोटं' येतं. हिशेबाचं काम करणारा माणूस एवढ्यावर सावरून बसतो.

मराठी मजकुराचं प्रात्यक्षिक

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसमोर 'हॅलो वर्ल्ड' दाखवण्यात वेळ घालवू नये. 'मराठी' हा शब्द घ्या आणि त्याची लांबी विचारा.

पर्लला 'यूज यूटीएफ८' (कोड यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणीत आहे अशी घोषणा) असं सांगितलं नाही तर उत्तर येतं १५. हे बाइट आहेत, प्रत्येक चिन्हाला तीन. घोषणा लावली की ५: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. आणि शाळेतलं मूल मोजेल तशी तीन अक्षरं हवी असतील तर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायची लिखावट) 'बॅकस्लॅश मोठा एक्स' वापरून मोजावं लागतं. राकूत त्याच शब्दाची 'कॅर्स', म्हणजे अक्षरसंख्या, विचारली की थेट ३. पंधरा, पाच, तीन. फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि थांबा, प्रश्न आपोआप येतात. उदाहरण निवडताना जोडाक्षरं टाळा. 'नमस्ते'सारख्या शब्दात किती अक्षरं धरायची याचे युनिकोडचे नियम आवृत्ती १५.१ मध्ये बदलले, आणि तुमच्या मशीनवरचं उत्तर श्रोत्याच्या मशीनवर येईलच असं नाही.

याच प्रात्यक्षिकात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, 'वाइड कॅरॅक्टर'चा इशारा. सोर्स यूटीएफ-८ आहे हे सांगितलं पण छापायच्या वाटेला सांगितलं नाही, म्हणून तो येतो. 'ओपन' ही घोषणा लावून प्रमाणित इनपुट-आउटपुटलाही यूटीएफ-८ चं एन्कोडिंग द्या. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये आधी कोड पेज ६५००१ करावं लागतं. दुसरी, 'यूज व्ही ५.४२' ही ओळ वर असेल आणि 'यूज यूटीएफ८' विसरलात तर आता मराठी अक्षर दिसताच कंपाइल होतानाच चूक येते. पूर्वी चुपचाप चुकीचं उत्तर मिळायचं, त्यापेक्षा हे बरं, पण मंचावर घाम फुटतो.

पुढचा खेळ आकड्यांचा. पर्लचं अंक ओळखणारं 'बॅकस्लॅश डी' देवनागरी ० ते ९ लाही अंक मानतं, पण तोच '१२' बेरजेत घातला की शून्य धरला जातो आणि इशारा येतो. फॉर्ममध्ये वय तपासणारा कोड याच कारणाने फसतो: तपासणी पास, हिशेब शून्य. फक्त इंग्रजी अंक हवे असतील तर एक्स्प्रेशनच्या शेवटी 'ए' हा बदलक लावा. देवनागरी अंकांची किंमत हवी असेल तर 'युनिकोड यूसीडी' मॉड्यूलमधलं 'नम' फंक्शन वापरा. राकू मात्र सोर्समध्ये लिहिलेले '४२ + १' सरळ ४३ करून देते. मराठी श्रोत्यांत हशा आणि टाळ्या दोन्ही इथेच मिळतात.

वेळ उरला तर क्रमवारी. मराठी वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' नंतर, युनिकोडच्या क्रमांकांत मात्र तो 'ल' ला लागून आहे. साध्या सॉर्टने शब्दकोशाचा क्रम चुकतो. पर्लबरोबर येणाऱ्या 'युनिकोड कोलेट लोकेल'ला मराठीचं लोकेल द्या आणि दोन्ही याद्या शेजारी दाखवा. ग्रंथपाल, शब्दकोश करणारे, मतदारयाद्या हाताळणारे यांना याची किंमत लगेच कळते.

जी आधीच वापरात आहे ती दाखवा

ग्रंथपालांचा विषय निघालाच आहे तर कोहा. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ही ग्रंथालय प्रणाली ३ जानेवारी २००० ला सुरू झाली, आणि ती मुख्यतः पर्लमध्ये आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत पुस्तकांची देवघेव तिच्यावर चालते. म्हणजे पर्ल येणाऱ्या मुलाला आपल्याच कॉलेजच्या ग्रंथालयात करण्यासारखं खरं काम आहे: अहवाल, आयात, मराठी भाषांतर.

इतर उदाहरणं श्रोते पाहून निवडा. प्रबंध लिहिणाऱ्यांना सांगा की लाटेकची कागदपत्रं तयार करणारं लाटेकएमके आणि संदर्भसूची करणारं बायबर पर्लमध्ये आहेत आणि ओव्हरलीफ हे ऑनलाइन लिहिण्याचं संकेतस्थळ लाटेकएमकेच चालवतं. छायाचित्रकारांना फोटोतली माहिती वाचणारं एक्झिफटूल दाखवा. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आभासी मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स, कामं एकाच वेळी चालवणारं जीएनयू पॅरलल, कोडच्या ओळी मोजणारं क्लॉक. गिटमधली 'सेंड-ईमेल' आज्ञाही पर्लचीच. पण नुसती यादी वाचू नका. प्रत्येक साधन एकदा चालवा, मग त्याच्या सोर्सची पहिली ओळ उघडून दाखवा, जिथे पर्लचा पत्ता लिहिलेला असतो.

'अमुक मोठी कंपनी पर्ल वापरते' हा दावा जपून करा. कंपन्या भाषा बदलतात, आणि जुना दावा खोटा निघाला की बाकीचं सगळंही खोटं धरलं जातं. डाउनलोड करून उघडता येतं तेवढंच सांगणं सुरक्षित.

मॉड्यूलचं पान म्हणजे दुकानाची पाटी

नवखा शोधत शोधत शेवटी मेटासीपॅन या सीपॅनमधली मॉड्यूल शोधायच्या संकेतस्थळावरच्या एखाद्या पानावर येतो. तिथे वर दिसते प्रकाशनाची तारीख. २०११ दिसलं की तो मागे फिरतो, मॉड्यूल कितीही ठणठणीत असो. वर्षातून एकदा दस्तऐवज तपासून छोटी आवृत्ती काढणं ही फसवणूक नाही. कोणी तरी पाहतंय, एवढं त्यातून कळतं.

पानावर नक्की हवं ते असं: एका ओळीचा सारांश, ज्यात 'पर्ल एक्स्टेन्शन फॉर' असले भरीचे शब्द नसतील. वापराचा नमुना, जो तसाच चिकटवून चालेल. पंधरा ओळींच्या आत, आणि त्यात आजची सुरुवात. बदलांची नोंद तारखांसह. मॉड्यूलची माहिती देणाऱ्या मेटा फाइलमध्ये सोर्सचा आणि तक्रारींचा पत्ता. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. तो दिला नाही तर तक्रारीचा दुवा आपोआप सीपॅनच्या आरटी या जुन्या तक्रार-नोंदणीकडे जातो, मॉड्यूलचा लेखक गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर वाट पाहत बसतो, आणि तक्रार करणाऱ्याला वाटतं की इथे कोणीच नाही.

गिटहबवर आणखी एक सापळा आहे. तिथली लिंग्विस्ट नावाची प्रणाली फाइलची भाषा ओळखते. 'डॉट पीएल' हे शेपूट प्रोलॉगचंही आहे, आणि चाचण्यांचं 'डॉट टी' पर्ल, राकू, ट्युरिंग अशा अनेकांत वाटलेलं आहे. अंदाज चुकला की तुमचा प्रकल्प भलत्याच भाषेच्या खात्यात जमा होतो. कधी प्रकल्पात ठेवलेल्या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीच पर्लवर मात करतात आणि सगळा प्रकल्प जावास्क्रिप्टचा दिसतो. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये दोन-तीन ओळी लिहून 'डॉट टी'ची भाषा ठरवा आणि बाहेरच्या लायब्ररींवर 'व्हेंडर्ड' अशी खूण करा. राकूच्या फाइलींना सरळ 'डॉट राकू', 'डॉट राकूमॉड', 'डॉट राकूटेस्ट' ही नवी शेपटं द्या. दहा मिनिटांचं काम, आणि गिटहबवरून मोजणाऱ्या प्रत्येक तक्त्यात ते दिसतं.

दुसऱ्यांच्या मांडवात बोला

पर्लच्या समुदायाने भरवलेले मेळावे १९९९ पासून होत आले आहेत आणि ते छान असतात. पण तिथे पर्लवालेच येतात. गटाने वर्षात चार भाषणं द्यायची ठरवली तर तीन बाहेर द्यावीत: डेटाबेसवाल्यांकडे, ग्रंथपालांच्या कार्यशाळेत, जैवमाहितीशास्त्राच्या विभागात, पुण्या-मुंबईतल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या भेटींत. शीर्षकात भाषेचं नाव घालू नका, अडचण घाला. 'पर्लची ओळख' या भाषणाला कोणी येत नाही. 'दोन लाख ओळींच्या सीएसव्हीतली बिघडलेली मराठी नावं कशी दुरुस्त करावी' याला येतात, आणि साधन पर्ल आहे हे त्यांना पाचव्या मिनिटाला कळतं. पंचवीस मिनिटांत तीनपेक्षा जास्त प्रात्यक्षिकं घेऊ नका, आणि प्रत्येकाचं आधी रेकॉर्ड केलेलं रूप जवळ ठेवा.

मंचावर काही गोष्टी वर्ज्य. एका ओळीत कोंबलेला, कोणालाही न वाचता येणारा प्रोग्रॅम हा पर्लवाल्यांचा जुना लाडका खेळ, घरात खेळा. बाहेरच्यांना त्यातून 'लिहिता येते, वाचता येत नाही' हेच पक्कं होतं. पायथनची निंदा नको, समोरचे निम्मे लोक पोटापाण्यासाठी तीच लिहितात. आणि 'पर्ल मेली' असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका. चालू वर्षाच्या आवृत्तीचा आकडा आणि तारीख सांगा आणि पुढच्या प्रात्यक्षिकाकडे वळा.

आकड्यांकडे कसं पाहावं

तियोबे हा भाषांच्या लोकप्रियतेचा निर्देशांक शोधयंत्रांत 'अमुक प्रोग्रॅमिंग' या शब्दांचे किती निकाल येतात यावरून काढतात. किती लोक ती भाषा लिहितात याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. २०२५ मध्ये पर्लने त्यात विसाच्या बाहेरून पहिल्या दहांत उडी मारली. त्या वर्षात भाषेच्या वापरात तेवढी उलथापालथ झाली असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा वर गेल्यावर पेढे वाटू नका, म्हणजे खाली आल्यावर तोंड लपवावं लागणार नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये नोकरीच्या प्रोफाइलवरून 'नावडत्या' भाषांची यादी काढली, तिच्यात पर्ल पहिली होती. त्या प्रोफाइलांत लोकांनी कोणत्या तंत्रज्ञानावर काम करायचं नाही ते लिहिलेलं होतं. दुसऱ्याचा वीस वर्षांपूर्वीचा कोड गळ्यात पडलेल्यांची तक्रार त्यात मोठी असणार, असा आमचा तर्क आहे.

गटाने स्वतःचे चार आकडे दर तिमाहीला लिहावेत. वीस शोधांपैकी किती ठिकाणी पहिल्या तीनांत आजच्या पद्धतीचं पान येतं. कोऱ्या मशीनवर पहिला प्रोग्रॅम चालायला किती मिनिटं लागतात, उबुंटू, मॅक आणि विंडोज वेगवेगळी. नवख्याच्या प्रश्नाला पहिलं उत्तर किती तासांत मिळतं. गटाच्या प्रकल्पांत पहिल्यांदाच बदल पाठवणारे किती. तिसरा आकडा सगळ्यात लवकर सुधारतो: आठवड्याचे वार वाटून घेतले की झालं. उत्तरात 'दस्तऐवज वाचा' एवढंच लिहायचं असेल तर कोणता परिच्छेद ते लिहा.

वर्षाचं वेळापत्रक

पर्लची नवी स्थिर आवृत्ती साधारण मे ते जुलै या काळात येते. तिच्याबरोबरचं अधिकृत बदलपत्र लांब असतं आणि ते बाहेरच्यांसाठी लिहिलेलं नसतं. आवृत्तीच्या आधीच्या महिन्यात चारशे शब्दांचं मराठी टिपण तयार ठेवा: तीन नव्या गोष्टी, प्रत्येकीचं पाच ओळींचं उदाहरण, आणि कोणता जुना कोड मोडू शकतो. नव्या गोष्टी निवडताना बाहेरच्याला ओळखीच्या वाटतील त्या घ्या. ५.३८ मधला प्रायोगिक 'क्लास' किंवा ५.४० मध्ये पक्कं झालेलं 'ट्राय-कॅच' पाहून जावावाला मान हलवतो. अंतर्गत वेग किती टक्क्यांनी वाढला हे त्याला नको असतं.

डिसेंबरात दोन्ही भाषांची अ‍ॅडव्हेंट दिनदर्शिका असते, रोज एक लेख. पर्लची परंपरा २००० पासून, राकूची २००९ पासून. तिथे मराठी मजकुरावरचा एक लेख द्यायचा असेल तर ऑक्टोबरात आराखडा पाठवा, डिसेंबर उजाडेपर्यंत तारखा भरलेल्या असू शकतात. रिकाम्या महिन्यांत द वीकली चॅलेंजचे दर आठवड्याचे दोन प्रश्न कॉलेजच्या मुलांबरोबर सोडवा. तो उपक्रम मार्च २०१९ पासून चालू आहे, आणि पर्ल-राकूबरोबर इतर भाषांतली उत्तरंही तिथे घेतात, त्यामुळे पायथनवाल्या मुलांनाही बसवता येतं.

उरलेल्या वेळात एक बेवारस मॉड्यूल दत्तक घ्या. पॉजवर (लेखक जिथून सीपॅनवर मॉड्यूल चढवतात ती जागा) 'अडॉप्टमी' नावाच्या खात्याला सह-देखभालीचा हक्क दिलेला दिसला, तर ते मॉड्यूल नवा सांभाळणारा शोधत आहे. 'हँडऑफ' असेल तर मूळ लेखकाला ते स्वतः सोपवायचं आहे, 'नीडहेल्प' असेल तर त्याला हाताखाली माणूस हवा आहे. आधी लेखकाला पत्र लिहा, काय दुरुस्त करणार ते सांगा आणि उत्तराला काही आठवडे द्या. हक्क मिळाल्यावर पहिली आवृत्ती फक्त दस्तऐवजाची आणि मेटा फाइलमधल्या पत्त्यांची काढा. कोडला हात दुसऱ्या आवृत्तीत लावा, म्हणजे सीपॅन टेस्टर्सच्या (मॉड्यूल वेगवेगळ्या मशीनवर तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या) अहवालांत काही लाल झालं तर ते कशाने झालं हे चटकन कळेल.